तलाठी, ग्रामसेवक आणि आमच्या वहिनी

परवा पुतण्याचा पुण्याहून फोन आला. माझा थोरला भाऊ, म्हणजे त्याचे वडील, गेल्या वर्षी गेला. "काका, गावच्या घराला वारसनोंद करायची आहे. तलाठ्याकडे जाऊ की ग्रामसेवकाकडे?"

मी म्हटलं, "घर गावठाणात आहे ना? मग ग्रामसेवकाकडे. घराचा नमुना आठ ग्रामपंचायतीत असतो. रानाचा सात-बारा तलाठ्याकडे."

"एवढंसं गाव आणि दोन दोन ऑफिसं कशाला?"

आता याचं उत्तर फोनवर कसं देणार? पोरगा इंजिनियर आहे, त्याला दोन ओळींत उत्तर हवं असतं. पण प्रश्न मात्र चांगला विचारला त्याने. चाळीस वर्षं मास्तरकी केल्यावर चांगला प्रश्न ऐकला की गप्प बसवत नाही. म्हणून हा लेख. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल शेवटाकडे उडी मारावी, तिथे आमच्या घरचीच गोष्ट आहे. (२०२४ साली सरकारने दोघांची नावं बदलली, ग्रामसेवक झाले 'ग्रामपंचायत अधिकारी' आणि तलाठी झाले 'ग्राम महसूल अधिकारी'. पण गावात अजून कुणी तसं म्हणताना मी ऐकलेलं नाही, मीही म्हणणार नाही.)

माझे आजोबा मुलकी पाटील होते. मला आठवतात ते चावडीच्या कट्ट्यावर घोंगडी टाकून बसलेले. पाटीलकी म्हणजे वतन, पिढीजात चालत आलेलं. इंग्रजांनी पेशवाई बुडवली पण गावातली ही व्यवस्था मोडली नाही, त्यांना सारा गोळा करायला ती सोयीचीच होती. १८७४ साली त्यांनी वतनाचा कायदा केला. त्यात वतनदार घराणं कोणतं, चाकरी कुणी करायची, मोबदला काय, हे सगळं लिहून ठेवलं. म्हणजे जी रूढी होती तिला कायद्याचं कातडं चढवलं. पाटील गावाचा, पण त्याच्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब कलेक्टरचं. सारा कमी आला तर जाब विचारणार मामलेदार. गावाने जाब विचारावा अशी त्यात कुठे सोयच नव्हती.

दोन गोष्टी मला फार उशिरा कळल्या. पहिली अशी की १८८६ साली या कायद्यात एक दुरुस्ती झाली आणि वतनाच्या वारसाहक्कात घराण्यातल्या स्त्रिया पुरुषांच्या मागे गेल्या. शेवटच्या वतनदाराची विधवा तेवढी अपवाद. घराण्यात वारसाला पात्र असा एक जरी पुरुष असला तरी आधी तो, मग लेक. का, तर चाकरी 'पुरुषाची'. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट महार वतनाची. त्याच कायद्याच्या आधाराने महारांना रात्रंदिवस सरकारी कामाला राबवलं जाई, आणि मोबदला म्हणाल तर तुटपुंजी जमीन आणि घरोघर मागायचं बलुतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं. ते तडीस गेलं नाही. आमच्या आजोबांच्या चावडीवर निरोप घेऊन धावणारे जे म्हातारे मी लहानपणी पाहिले ते कशाच्या जोरावर धावत होते, हे मला बी. ए. करताना पुस्तकातून समजलं. घरात त्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर वतनं एकेक करून गेली. कुलकर्णी वतन १९५१ साली, म्हणून गावात पगारी तलाठी आला. महार वतन आणि इतर कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्याने. आणि १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटलाचं पदच रद्द झालं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आजोबा त्या दिवशी चावडीकडे गेले नाहीत, सोप्यात बसून राहिले. आजी म्हणाली, "सारा गोळा करायची कटकट गेली." आजोबा काहीच बोलले नाहीत.

तर ही झाली एक शिडी. पाटील-कुलकर्ण्यांपासून तलाठ्यापर्यंत आलेली, वर तहसीलदार आणि त्याच्या वर कलेक्टर. जमीन, सारा, सात-बारा हे सगळं या शिडीवर.

दुसरी शिडी अगदी वेगळ्या ठिकाणाहून आली. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली, रस्ते आणि शाळांसाठी. १८६९ साली त्याला कायद्याचं रूप आलं. त्याला म्हणत लोकल फंड. पैसा लोकांचा, मग त्याच्या खर्चात लोकांचं मत नको का, हा प्रश्न पुढे येणारच होता. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि १८८४ साली आपल्याकडे जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं स्थापन झाली. सुरुवातीला अध्यक्षाच्या खुर्चीत कलेक्टरच, मतदार मोजके, तेही पैसेवाले. पण एक गोष्ट नवी होती. सरकारी पैशाचा हिशोब खालच्या माणसापुढे ठेवायचा, हा विचार कायद्यात प्रथमच शिरला होता.

माझी शाळा ही या शिडीवरची. आम्ही तिला 'बोर्डाची शाळा' म्हणायचो. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि स्कूल बोर्ड त्यात गेलं. सुट्टीनंतर शाळेत गेलो तर जुन्या पाटीवर चुना मारून नवीन अक्षरं रंगवली होती. पहिल्या पावसात चुना धुपला आणि खालचं 'बोर्ड' पुन्हा दिसू लागलं. कित्येक वर्षं दोन्ही नावं एकमेकांत मिसळून वाचता येत होती.

जिल्हा परिषदेचं श्रेय यशवंतराव चव्हाणांचं आणि वसंतराव नाईकांच्या समितीचं. दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली तालुक्याला, म्हणजे पंचायत समितीला, महत्त्व द्या असं सांगितलं होतं. नाईक समितीने १९६१ साली ते बदलून जिल्ह्याला दिलं, आणि कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. त्याच्या जागी मुख्य कार्यकारी अधिकारी. पुतण्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे आहे. कलेक्टरची महसुलाची शिडी तशीच राहिली आणि तिच्या शेजारी विकासाची दुसरी शिडी उभी केली. दोन शिड्यांचे खालचे पाय एकाच गावात टेकले. एकाखाली तलाठी, दुसऱ्याखाली ग्रामसेवक.

ग्रामपंचायतीचा कायदा त्याआधीचा, १९५८ चा. १ जून १९५९ पासून तो लागू झाला. त्यापूर्वी १९२० आणि १९३३ चे कायदे होते. पण या कायद्याने ग्रामसभा पक्की केली. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. पंचायतीने वर्षाचा हिशोब तिच्यापुढे ठेवायचा.

इथे एक सांगितलं पाहिजे. गावाच्या हाती सत्ता द्यावी याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं असं आपण भाषणांतून ऐकतो, ते खरं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना आंबेडकरांनी गाव हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. त्यावरून बरीच टीका झाली आणि पुढे पंचायतींबद्दलचं ४० वं कलम घटनेत आलं. मी शाळेत शिकवताना गांधीजींचं ग्रामस्वराज्य रंगवून सांगायचो. आंबेडकरांचं म्हणणं मात्र एका वाक्यात उरकायचो. आज वाटतं, उलट केलं असतं तरी चाललं असतं. आमच्या चावडीचा कट्टा पाहिलेल्या माणसाला त्यांचं म्हणणं समजायला पुस्तक लागायला नको होतं.

असो. मी १९७२ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, बी. ए. नोकरी करता करता बाहेरून केलं. म्हणजे मीही त्या शिडीवरचा एक नोकर. आम्हाला वर्तणूक नियम होते, १९६७ चे. राजकारणात भाग घ्यायचा नाही, प्रचार करायचा नाही. नियम योग्यच होते. पण त्यांच्या आडोशाला मी बराच निवांत बसलो हेही कबूल करतो. गावात काही वावगं दिसलं की "आपण नोकर माणूस" म्हणायचं आणि वर्गावर जायचं.

या काळात पंचायत राज्याची काय अवस्था होती ते तरुण मंडळींना माहीत नसेल. जिल्हा परिषदेची निवडणूक १९७९ ला झाली आणि त्यानंतरची थेट १९९२ ला. तेरा वर्षं! मुदत वाढवत न्यायची, मग पुन्हा वाढवायची. कायद्यात मुदत होती, पण ती वाढवायची सोयही कायद्यातच होती. म्हणून ७३ वी घटनादुरुस्ती महत्त्वाची. २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली. पाच वर्षांची मुदत घटनेतच बांधली, राज्य निवडणूक आयोग आला, आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा, त्याही सदस्यपदाच्याच नव्हे तर अध्यक्ष-सरपंचपदाच्यासुद्धा. मेहता समितीने १९५७ साली दोन बायका सहयोजित करून घ्या एवढंच सुचवलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या निंबुतला १९६० च्या दशकात सगळ्या बायकांची पंचायत झाली होती, पण ती एखादीच. आता कायद्यानेच दार उघडलं. २०११ साली आपल्या राज्यात हा वाटा निम्मा झाला. (घटनेत मुदत बांधली तरी पळवाट सापडतेच. २०२२ पासून बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, कारण आरक्षणाचा वाद. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं.)

१९९७ ला आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. दादाने पॅनेल उभं केलं होतंच. वहिनी बिनविरोध निवडून आल्या आणि सरपंच झाल्या. त्यांचं शिक्षण सातवी, तेही माहेरी. फेटे बांधले, गुलाल उधळला, हार दादाच्या गळ्यात. पहिल्या सभेपासून खुर्चीत दादा आणि वहिनी घरी. रजिस्टर घरी यायचं. चुलीपुढे बसून वहिनी सही करायच्या, पिठाचा हात पदराला पुसून. मी सुट्टीला गावी गेलो की हे पाहायचो. आजोबांची पाटीलकी जाऊन चौतीस वर्षं झाली होती, पण आमच्या सोप्यात ती गेलेली नव्हती. १८८६ च्या दुरुस्तीने लेकींना मागे सारलं, ९३ च्या दुरुस्तीने पुढे आणलं, आणि दादाने एका हाताने वहिनींना पुढे करून दुसऱ्या हाताने मागे बसवलं. मी काय केलं? काही नाही. नोकर माणूस.

१९९९ च्या उन्हाळ्यात लेखापरीक्षणाचा कागद आला. नळपाणी योजनेचे पाईप खरेदी झाले होते, पण साठा रजिस्टरला नोंद पूर्ण नव्हती. काही पाईप कुणाच्या तरी रानात गेले होते, मर्जीतल्या माणसांच्या. दादाने पैसे खाल्ले असं मी म्हणणार नाही, तसं मला वाटतही नाही. "घेऊन जा, मग बघू" अशी त्याची पाटीलकी. पण कागदावर साडेनऊ हजार रुपये वसूलपात्र निघाले होते आणि ते दोघांच्या नावावर होते, सरपंच आणि ग्रामसेवक. ग्रामनिधीचा पैसा या दोघांच्या संयुक्त सहीने निघतो. दादाचं नाव त्या कागदावर कुठेही नव्हतं.

दादा म्हणाला, "असले कागद येत असत्यात. मी बघतो."

संध्याकाळी वहिनी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "भावजी, यात माझं नाव हाय एवढं मला वाचाय येतंय. बाकीचं काय लिवलंय?"

मी वाचून सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी सही करणारी मी, तर चोरबी मीच?"

मी पुण्याला गेलो तेव्हा अप्पा बळवंत चौकातून ग्रामपंचायत अधिनियमाचं मराठी पुस्तक आणलं. त्या मे महिन्यात आम्ही दोघं रोज संध्याकाळी ते घेऊन बसायचो. वहिनींचं पहिलं मत असं की ही मराठी नव्हेच. खोटं नव्हतं ते. 'परंतु आणखी असे की', 'अन्यथा तरतूद केली असेल त्याव्यतिरिक्त'... मलाच घाम फुटायचा. शेवटी मी चौथीच्या वर्गाला शिकवतो तसं सुरू केलं. वाक्यात आधी कर्ता शोधायचा. मग क्रियापद. मधलं सगळं बोटाने झाकायचं. 'सरपंच ... बोलावील.' 'सचिव ... ठेवील.' वहिनी म्हणाल्या, "बोलावील म्हंजी बोलावलं तर बोलावलं?" नाही म्हटलं, कायद्यात 'बोलावील' म्हणजे बोलावलंच पाहिजे. व्याकरणात भविष्यकाळ, पण कायद्यात हुकूम. तीस वर्षं व्याकरण शिकवून हे मला त्या सोप्यात बसून लक्षात आलं.

सगळ्यात मजा त्यांना वाटली ती ग्रामसभेच्या गणपूर्तीची. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तेवढे लोक हजर पाहिजेत. नसतील तर सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची गरज नाही! वहिनी हसून म्हणाल्या, "तरीच आपल्या गावात पैली सभा कधीच हुईत न्हाई." खरंच होतं. दुसऱ्या सभेला पाच-सहा माणसं बसायची आणि ठराव मंजूर. नियमाचा शब्दन् शब्द पाळून गाव बाहेर ठेवता येत होतं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला वहिनींनी आदल्या दिवशी दवंडी दोनदा द्यायला लावली आणि स्वतः बायकांच्या घरी जाऊन आल्या. शाळेच्या पटांगणात झेंडावंदनानंतर सभा भरली. किती वर्षांनी पहिल्याच सभेला माणसं पुरली. मी झेंड्याच्या खांबाजवळ उभा होतो. वहिनींनी जमाखर्च स्वतः वाचला, अडखळत, आकडे दोन दोनदा. पाईपचा आक्षेपही वाचला. ग्रामसेवक खाली मान घालून बसले होते. खालच्या आळीतल्या एकाने उठून विचारलं, पाईप गेले कुणाकडे? दादा सवयीने उठला, "त्याचं असं हाय..."

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही बसा. त्यांनी सरपंचाला विचारलंय."

दादा बसला नाही, निघून गेला. त्या वर्षी दिवाळीला त्याच्या घरून फराळाचं ताट आलं नाही. ही अवदसा मीच वहिनींच्या डोक्यात घातली असं त्याचं म्हणणं होतं आणि ते अगदीच चूक नव्हतं. साडेनऊ हजारांतला वहिनींचा निम्मा वाटा दादाने उसाच्या बिलातून भरला, एक शब्द न बोलता. पावती मात्र वहिनींच्या नावाची घेतली. पुढे दीड वर्षाने आमचं बोलणं सुरू झालं, तेही आई आजारी पडली म्हणून. २००२ पर्यंत वहिनी सरपंच होत्या. सगळे पाईप परत आले नाहीत. रस्त्याचं कामही अर्धंच झालं. पण रजिस्टर नंतर घरी आलं नाही, वहिनी ऑफिसात जायच्या.

त्यानंतर कायदे बरेच आले. २००५ चा माहितीचा अधिकार आला. बदल्यांचा आणि दप्तरदिरंगाईचा कायदा आला, त्यात एका टेबलावर फाईल कामाचे सात दिवसच ठेवता येते (वाचून आमचे निवृत्त मित्र बराच वेळ हसले होते). सरपंच थेट लोकांनी निवडायचा असं २०१७ ला ठरलं, २०२० ला रद्द झालं, २०२२ ला परत आलं. तेवढ्यात नवीन पुस्तक छापून होत नाही तोच जुनं होतं. आमचं ते १९९९ चं पुस्तक वहिनींकडेच आहे. त्यावर हळदीचे डाग आहेत आणि कर्त्याखाली पेन्सिलीने रेघा.

हे सगळं छापण्याआधी मी वहिनींना फोनवर वाचून दाखवलं. दादा नाही आता, तेव्हा त्यांची परवानगी हवीच. एकच दुरुस्ती त्यांनी सांगितली. हात पदराला पुसत नव्हत्या, फडक्याला पुसायच्या. बाकी राहू दे म्हणाल्या.

मग मी पुतण्याच्या वारसनोंदीची गोष्ट काढली. "वहिनी, तो घराच्या उताऱ्याचं विचारत होता. कधी काढायचा?"

"काढलेलाच हाय माझ्याकडं. त्याला म्हणावं आधी आईला विचारायचं हुतं." २००३ साली सरकारने 'घर दोघांचे' म्हणून योजना काढली होती, घराच्या नोंदीला नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची. सरपंचपद गेल्यावरही वहिनी त्याची चौकशी करत ग्रामपंचायतीत गेल्या होत्या आणि दादाची सही त्यांनी घरीच घेतली होती.

"दादाने वाचून सही केली का हो?" मी विचारलं.

"कशाचं वाचतायत," वहिनी म्हणाल्या. "जेवाय बसले हुते."